गुरुशिखरावर हिची घंटा

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. एकतीस वर्षं फाऊंड्रीत काढली. तिथं भट्टी असते, रस असतो, वाळूचा साचा असतो. रस नीट ओतला तर माल नीट निघतो, नाही ओतला तर रिजेक्ट. मध्ये देव पण येत नाही आणि भूत पण येत नाही. येतो फक्त सुपरवायझर.

नातीने मोबाईलवर तुमच्या ग्रुपमधले अनुभव वाचून दाखवले. खरं बोलतो, राग मानू नका — निम्म्याहून जास्त मला थापा वाटले. पांढरी साडी, उलटे पाय, हायवेवर लिफ्ट मागणारी बाई... माझ्या अनुभवात यातलं काहीच नाही. दिवसाढवळ्या घडलं. माणसं होती आजूबाजूला. शाळेची ट्रिप आली होती. तरी पण जे झालं ते झालं, आणि वर्ष होत आलं तरी माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून लिहितोय.

मी सातवी पास. वहीत लिहितो, नात मोबाईलवर उतरवते. ती मधे मधे माझं शुद्ध करायला बघते, मी करू देत नाही.

मी अंबरनाथ पूर्वेला राहतो. एमआयडीसीत एका पितळेच्या फाऊंड्रीत मोल्डर होतो. पंपाच्या बॉड्या, व्हॉल्व्ह, असला माल. मोल्डर म्हणजे साचा बनवणारा आणि रस ओतणारा. आमच्या धंद्यात माल तपासायची एक पद्धत आहे. ओतून काढलेलं कास्टिंग दोरीला टांगायचं आणि हातोडीने हलकंच मारायचं. चांगलं असेल तर गातं. आत कुठं तडा असेल तर नुसतं टक् करतं. डोळ्याला दिसत नाही, पण कानाला कळतं. माझा कान अख्ख्या फाऊंड्रीत नंबर एक होता. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही, पुढे कामाला येणार आहे म्हणून सांगतो.

आमची ही बदलापूर गावातली. नाव गुलाब. शेतकऱ्याची मुलगी, नदीकाठचं घर. शिकली दुसरीपर्यंत, पण तोंडाने कुणाला हार जायची नाही. दत्ताचं तिला भारी वेड. दर गुरुवारी उपास. लग्न होऊन आली त्या वर्षी म्हणाली, "देव्हाऱ्याला घंटा पायजे. बाजारातली नको. तुम्ही दिवसभर पितळात असता, मग मना एक घंटा नाय करून देणार?"

मी जेवणाच्या सुट्टीत साचा केला. लाडलमध्ये, म्हणजे ओतायच्या पळीत, उरलेला रस होता, तो ओतला. आता चूक इथे झाली. तो रस गार पडत आलेला. अशा वेळी ओतायचा नसतो, परत तापवायचा असतो, हे मला माहीत होतं. पण सुपरवायझर येताना दिसला आणि मी घाई केली. गार रस साच्यात दोन बाजूंनी आला आणि मधे एकजीवच झाला नाही. घंटेच्या अंगावर एक रेघ राहिली, केसासारखी. वाजवून बघितली तर आवाज घोगरा. सर्दी झालेल्या माणसासारखा.

मी म्हणालो, "ही फेकून दे, दुसरी ओततो."

ती म्हणाली, "कशाला? घसा बसलाय तिचा. माझा पण बसतो. मना काय फेकून देता?"

तिची मोठी बहीण यायची ती दरवेळी टोकायची, "गुलाब, खंडित वस्तू देवापुढं ठेवू नये गं, पाप लागतं." ही ऐकायची नाही. म्हणायची, "तडा नाय ती, रेघ हाय. आमच्या ह्यांच्या हातची रेघ."

तीच घंटा तिने चाळीसच्या वर वर्षं वाजवली. रोज दिवेलागणीला, तीन वेळा. पण तिची एक तऱ्हा होती. दोन वाजवायची... मग थांबायची... मग तिसरी. का थांबते ते मी कधी विचारलं नाही. मी घरी असलो की टीव्हीसमोर असायचो. कानाला सवय झाली होती एवढंच. टण् टण्... आणि मग उशिराने टण्. तिसरी ऐकली की मी म्हणायचो, चहा टाक.

आता गुरुशिखराचं.

उल्हासनगर कॅम्प पाचला लछुभाईचं भांड्यांचं दुकान आहे. सिंधी माणूस, माझा जुना दोस्त. आमच्या फाऊंड्रीचा भंगार माल घ्यायचा तेव्हापासूनची ओळख. त्याची बायको एकदा माउंट आबूला जाऊन आली आणि हिला एक फोटो आणून दिला. निळं आभाळ, काळा खडक, वर छोटंसं पांढरं देऊळ आणि बाहेर टांगलेली मोठी घंटा. म्हणाली, ये गुरुशिखर है, राजस्थान का सबसे ऊँचा पहाड़, ऊपर दत्त भगवान बैठे हैं.

हिला ते पटेचना. राजस्थान म्हणजे वाळवंट, उंट, पाणी नाही, एवढंच आम्हाला माहीत. त्या वाळवंटाच्या राज्यात एवढा मोठा डोंगर, आणि त्याच्या टोकावर आपला दत्त?

"आवो, आपला दत्त तिकडं कसा गेला?"

"ट्रान्सफर झाली असेल," मी म्हणालो.

"हसा. अनसूयेच्या पोरानं सगळ्यात उंच जागा धरलीय बघा. मना तिथं न्या एकदा. ही घंटा तिथं नेऊन वाजवीन."

"डोंगर बघायचाय ना? खिडकीतून चंदेरी दिसतो, बघ. फुकट आहे."

असं मी किती वर्षं बोललो असेन... आधी वैशालीचं लग्न होतं. वैशाली म्हणजे आमची एकुलती एक मुलगी, बदलापुरात राहते, ब्लाऊज शिवते. मग घराचा स्लॅब. मग माझे गुडघे. प्रत्येक वेळी मी म्हणायचो, दिवाळी होऊ दे. दिवाळ्या झाल्या. फोटो ओट्यावरच्या भिंतीला लावलेला होता, तो फोडणीच्या वाफेने पिवळा पडला. मग हिची किडनी गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मग कुठला डोंगर आणि कुठलं काय.

पुढचं लिहायला हात जड होतो. पण ते लिहिल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

शेवटच्या वेळी ती बारा दिवस दवाखान्यात होती. मी घरी एकटा. संध्याकाळी दिवा लावायला गेलो तर बघितलं, घंटेची ती रेघ उघडली होती. एवढ्या वर्षांत सरकत सरकत तिचा खरंच तडा झाला होता. आवाज अजून होता, घोगरा, पण मला वाटलं, ही घरी यायच्या आत घंटा दुरुस्त करून ठेवू. खुश होईल. जुन्या कारखान्यात गेलो. तिथं माझा जोडीदार भोईर अजून पार्ट टाइम कामाला आहे. तड्याच्या टोकाला बारीक भोक मारतात, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. ते मारलं. आणि मग वरून ब्रेझिंग केलं. ब्रेझिंग म्हणजे गॅसच्या जाळाने पितळ वितळवून तडा भरायचा. त्याच्या आधी अख्खी वस्तू सारखी तापवून घ्यायची असते. एकाच जागी जाळ दिला तर थंड होताना धातू ओढला जातो आणि फाटतो. हे मी नवीन पोरांना शिकवलेलं आहे. पण दवाखान्यात भेटायची वेळ सहाची होती आणि मला जायचं होतं. परत घाई केली.

थंड होताना टिक् असा आवाज आला. भोईरने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. तडा खालच्या काठापासून वर मुठीपर्यंत गेला होता.

"गण्या," तो म्हणाला, "संपली रे ही."

ती घरी आली. संध्याकाळी वैशालीने धरून तिला देव्हाऱ्यापुढे बसवलं. तिने घंटा उचलली, हलवली.

टक्.

परत हलवली. टक्. लाकडावर बोट मारल्यासारखं. तिने उलटी करून बघितली. भोक बघितलं, जाळाचा काळा डाग बघितला. माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही केलं?"

"हो."

"असू दे," ती म्हणाली. "चांगलं करायलाच गेला असाल." थोड्या वेळाने म्हणाली, "हिला शिखरावर न्या. तिथं बोलंल ती."

आणि मी काय बोललो असेन? मी चिडलो. स्वतःवर चिडलो होतो, पण काढलं तिच्यावर. म्हणालो, "मेलेली घंटा आहे ती. मेलेलं परत बोलत नाही. धातू काय माणूस आहे, हवापालट केली की बरा व्हायला?"

ती देव्हाऱ्याकडे तोंड करून बसून राहिली. वैशाली माझ्याकडे अशी बघत होती की मी उठून बाहेर गेलो.

नवव्या दिवशी ती गेली. मधल्या आठ दिवसांत मी तो शब्द परत घेऊ शकलो असतो. आठ दिवस होते. तिला पाणी पाजलं, पाय चेपले, औषधं दिली, पण ते एक वाक्य तोंडातून निघालं नाही. "मी चुकीचं बोललो." तीन शब्द.

तर मी गुरुशिखरावर गेलो ते देवासाठी नाही, हे लक्षात घ्या. देवाचं आणि माझं काही नव्हतं. मी एवढ्यासाठी गेलो की तिने नेऊन वाजवा म्हटलं होतं, आणि मी मेलेली म्हटलं होतं. निदान तिथं घंटा ठेवून यावी. तेवढं तरी.

जायच्या आधी मी एक वेडेपणा केला. लछुभाईच्या दुकानात गेलो आणि एक नवी घंटा मागितली. म्हटलं, फुटकी देवाला कशी द्यायची, नवीन देऊ.

लछुभाईने काउंटरवर चार घंटा काढल्या. मग म्हणाला, "किसके लिए है?"

मी सांगितलं.

त्याने चारही उचलून परत फळीवर ठेवल्या. "नहीं बेचता."

"का? पैसे देतोय ना."

"साईं, मेरी घंटी से भाभी का क्या लेना-देना? भाभीने कौनसी बोली थी? वही लेके जा. टूटी है तो टूटी ले जा. तू कौनसा साबूत है?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मी निघून आलो. घरी येऊन रडलो. आता लपवायचं काय...

जानेवारीत निघालो. वैशाली बरोबर आली. बॅगेत घंटा हलली की टक् टक् करायची. तो आवाज मला ऐकवत नव्हता. गाडी वापीच्या पुढे गेली तेव्हा वैशालीने बॅगेतून घंटा काढली. तिच्या आईच्या साडीची एक चिंधी तिच्या पर्समध्ये होती. ती चिंधी तिने आतल्या लोलकाला गच्च गुंडाळली, वर मुठीपर्यंत नेऊन गाठ मारली आणि गाठीवर सुई-दोऱ्याने चार टाके घातले. शिवणकाम करणारी बाई, पर्समध्ये सुई असतेच. मग घंटा टॉवेलात गुंडाळून बॅगेत ठेवली. आता ती हलली तरी टक् पण होत नव्हतं.

हे मी नीट सांगतोय, कारण पुढे तुम्ही विचारणार आहात.

आबू रोडला उतरून टॅक्सीने वर. मी डोंगर बघितलेला माणूस आहे. मलंगगड चढलोय, चंदेरीच्या सुळक्याखाली रात्र काढलीय तरुणपणी. डोंगराचं मला कौतुक नाही. पण हा वेगळाच निघाला. खाली स्टेशनला सगळं कोरडं, धुळीचं. आणि गाडी वळणं घेत वर चालली तशी झाडी सुरू झाली. खजुरीची झाडं, आंब्याची झाडं. करवंदाची जाळी बघून तर मी ड्रायव्हरला थांबवायला सांगितलं. आपली करवंदं! वाळवंटाच्या राज्यात! मोठमोठे काळे धोंडे एकावर एक, जसे कुणी भट्टीतून ओतून तसेच गार व्हायला टाकलेत. वाटायचं, ही असती तर आता काय काय बोलली असती. बोलतच राहिली असती.

गाव मागे टाकून अजून वर. मग गाडी थांबते आणि पायऱ्या सुरू होतात. बाजूला टोप्या, चणे, चहा विकणारे. वारा एवढा गार की कान दुखत होते. माझ्या गुडघ्यांनी मी दहा पायऱ्या चढायचो आणि बसायचो. वैशाली म्हणाली, "बाबा, मी जाऊन ठेवून येते, तुम्ही इथं बसा." मी म्हटलं, "तुझ्या हातून ठेवायची असती तर कुरिअरनेच पाठवली असती."

वर दत्ताचं देऊळ आहे, खडकातच. आत जाऊन मी घंटा टॉवेलातून काढली आणि पूजेला बसलेल्या माणसापुढे धरली. शांत माणूस होता. हातात घेऊन त्याने तडा बघितला, भोक बघितलं, आतली चिंधी बघितली.

"बाबाजी, ये खंडित है. भगवान को नहीं चढ़ती."

"माझ्या बायकोची आहे. वो मर गयी."

"समझता हूँ. पर खंडित चीज़ यहाँ नहीं रख सकते. आप घर पे रखो, नदी में छोड़ दो..."

मी आवाज चढवला. माझं हिंदी भांडणात आणखीनच फाटतं. "मेरे हाथ से टूटा है, उसके हाथ से नहीं! उसको काहे को सजा?"

मागे लाईनमधली माणसं बघायला लागली. वैशालीने माझा दंड धरला. "बाबा, चला. ते नियमाने बोलतायत. भांडायला आलोय का आपण?"

त्या माणसाने घंटा परत टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिली, दोन्ही हातांनी, अदबीने. हे पण सांगायला पाहिजे. तो वाईट नव्हता.

मग आम्ही अगदी वरच्या टोकाला गेलो, दत्ताच्या पादुका आहेत तिथं. बाहेर ती मोठी घंटा टांगलेली. फोटोतल्यासारखी. येणारा जाणारा प्रत्येकजण वाजवतो. शाळेची ट्रिप आली होती, त्यांनी तर धुमाकूळ घातला होता. मी पण एकदा वाजवली. चांगला धातू. ओतणाऱ्याने घाई केली नव्हती. आवाज बराच वेळ राहिला हवेत, पायाखालच्या खडकात पण जाणवला. मग बाईंनी शिट्टी मारली, पोरं खाली गेली. वैशाली म्हणाली, "बाबा, तुमचा चेहरा पांढरा पडलाय. मी खालून चहा आणते. हलू नका."

मी एका दगडी कठड्यावर बसलो. बॅग मांडीवर. वर आता कोणी नव्हतं. एक म्हातारं जोडपं होतं, ते पलीकडच्या बाजूला फोटो काढत होतं.

आणि तेव्हा मी पहिल्यांदा समोर बघितलं.

मला ते सांगता येणार नाही नीट. मी शिकलेला नाही. पण बघा... डोंगर उतरत उतरत जातो, हिरवा, काळा, आणि मग एकदम संपतो. आणि तिथून पुढे सपाट. पिवळं, करडं, चाळलेली मोल्डिंगची वाळू पसरावी तसं. घर दिसत नाही, माणूस दिसत नाही. ते कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं तेच कळत नव्हतं. आणि शांत. अंबरनाथला सत्तर वर्षं काढली, भोंगे, गाड्या, रिक्षा, मिक्सर... अशी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. नुसता वारा, आणि मधेच तो पण थांबला. मी मनात म्हटलं, गुलाब, तू बरोबर बोलत होतीस गं. त्याने जागा चांगली धरलीय.

वारा थांबलेला होता. हे मी शपथेवर सांगतो.

मांडीवरच्या बॅगेत घंटा वाजली.

टण्. टण्.

घोगरी. घसा बसलेली. पहिल्या दिवसापासूनची तीच. लग्नाच्या वर्षी मी गार रस ओतून जो आवाज काढला होता तो, चाळीस वर्षं रोज संध्याकाळी ऐकला तो, आणि मी स्वतःच्या हाताने जो मारला तो. मांडीवर मला ती थरथर लागली. बॅगेवर माझे दोन्ही हात होते. मी हललो नव्हतो, श्वास पण घेत नव्हतो.

मग काही नाही.

मी उठलो. कसा उठलो माहीत नाही, गुडघे दुखल्याचं आठवत नाही. बॅग छातीशी धरली आणि मागे वळलो. देवळाकडे.

टण्.

तिसरी. लांबवर गेली. संपली.

मला भीती वाटली नाही. लोक विचारतात, भीती वाटली का. नाही. सगळा डोंगर माझ्या पायाखालून वर आल्यासारखा वाटला. मी टोपी काढली. का काढली, माहीत नाही. मोठ्या माणसासमोर काढतात तशी काढली आणि उभा राहिलो.

वैशाली पायऱ्यांवरून धावत आली. हातात चहाचे दोन कप, अर्धा चहा सांडलेला.

"बाबा! सोडलीत का ती? का सोडलीत? मी टाके घातले होते ना!"

"काय सोडली?"

"आईची घंटा! आत्ता वाजवलीत ना तुम्ही?"

मी बॅग तिच्यापुढे धरली. तिने कप कठड्यावर ठेवले, बॅगेची चेन उघडली, टॉवेल सोडला. घंटा तशीच. चिंधी तशीच. गाठ तशीच. चारही टाके तसेच, तिच्याच हातचे. ती ते टाके बोटाने एक एक चाचपत होती. मग दाताने दोरा तोडला, चिंधी सोडली आणि घंटा हलवली.

टक्.

परत. टक्. टक्.

"बाबा," ती म्हणाली, "मी तिथं खाली टपरीवर ऐकलं. दोन... आणि मग थांबून एक. ना?"

"हो."

ती कठड्यावर बसली. चहा पण तिथंच गार झाला. थोड्या वेळाने म्हणाली, "आई का थांबायची माहितेय तुम्हाला?"

"नाही. कधी विचारलं नाही."

"दोन वाजवून ती दाराकडे बघायची. तुम्ही आलात का म्हणून. तुमची जनरल शिफ्ट सुटून सायकलवरून यायला तीच वेळ व्हायची ना. दोन वाजवायची, मान वळवून दार बघायची. तुम्ही दिसलात तर लगेच तिसरी. नाही दिसलात तर थोडं थांबून. तुम्ही रिटायर झालात, घरातच असायचात, तरी तिची सवय गेली नाही. मी लहान होते तेव्हा विचारलं होतं तिला. म्हणाली, देवाला दोन पुरतात, तिसरी घरच्या माणसाची."

चाळीस वर्षं... आणि मी म्हणायचो, चहा टाक.

तिसरी घंटा मी उठून वळल्यावरच आली, हे मला खाली उतरताना आठवलं. पायरीवर बसलो आणि वैशालीला सांगितलं. ती माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

घरी आल्यावर भोईरला घंटा दाखवली. त्याने दोरीला टांगून हातोडी मारली. टक्. भिंग लावून तडा बघितला. म्हणाला, "गण्या, ही वाजूच शकत नाय. वरच्या मोठ्या घंटेची धडक लागली असंल हिला. दोन घंटा जवळ असल्या की एक वाजवली तर दुसरी घुमते, माहीत हाय ना तुला?"

मला माहीत आहे. मी त्याला म्हटलं, मोठी घंटा शेवटची वाजून दहा मिनिटं झाली होती. आणि घुमते ती चांगली घंटा. फाटलेली घुमत नाही. आणि चिंधी बांधलेला लोलक तीन वेळा मोजून आपटत नाही, मधे थांबून तर नाहीच. तो म्हणाला, "मग काय रे?" मी म्हटलं, तेच तुला विचारायला आलो होतो.

लछुभाईला सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, "मैंने बोला था ना, वही लेके जा." आणि चहा मागवला.

कोणी म्हणेल, म्हातारा आहे, बायको गेलीय, उंचावर हवा विरळ, कानात वाजलं. माझ्या कानात वाजलं असेल, मान्य. मग पायऱ्या उतरून टपरीवर उभ्या असलेल्या मुलीच्या कानात कसं वाजलं? मला याचं उत्तर मिळालेलं नाही. मिळेल असं वाटत पण नाही. तुमच्यापैकी कोणाला धातूतलं कळत असेल तर येऊन घंटा बघून जा. मी नाही म्हणणार नाही.

एकच काम मी केलं. त्या दिवशी, खाली उतरायच्या आधी, परत वळून मोठ्याने म्हणालो — वैशाली ऐकत होती, ते म्हातारं जोडपं पण ऐकत होतं — "मी चुकीचं बोललो."

घंटा आता परत देव्हाऱ्यात आहे. खंडित तर खंडित. दिवेलागणीला मीच वाजवतो. आवाज तोच, टक्. मला त्याचं काही नाही. दोन वाजवतो... मग दाराकडे बघतो. दार मी त्या वेळी उघडंच ठेवतो.

मग तिसरी वाजवतो.